भामाबाईंच्या गाण्यातल्या झांजा

नांदेड, १२ जून २०२४

प्रेम,

कामापुरतं लिहितेय. तिथं फोन जवळ ठेवू देत नाहीत असं विहारात फोन केला तेव्हा कळलं, म्हणून पत्र.

भामाबाईंची गाणी मिक्सिंगला घेतलीत. तू जाण्याआधी वाजवून ठेवलेले ड्रम तपासले. ढोल, स्नेअर सगळं स्वच्छ आहे. झांजांचं मात्र काही कळेना. वर टांगलेल्या दोन माईकपैकी उजव्यात आवाज फारच कमी आलाय. डाव्या बाजूची हाय-हॅटची जोडझांज अगदी कानाशी, आणि उजवीकडच्या क्रॅश आणि राईड या मोठ्या झांजा शेजारच्या घरात कोणी वाजवाव्यात तशा. वायर खराब होती का? की माईक सरकला होता? की तूच हळू वाजवलंस? एवढं कळलं तर पुढं जाता येईल.

दुसरं, हॅट नेहमीसारखी डावीकडंच ठेवू का? आपलं यावर दरवेळी वाजायचं. तू म्हणायचास, वाजवणाऱ्याला ऐकू येतं तसंच ऐकणाऱ्याला येऊ दे. मी म्हणायची, ऐकणारा समोर बसलेला असतो, त्याला सगळं उलटं दिसतं. शेवटी तुझंच व्हायचं. आता तू नाहीस म्हणून माझं करून टाकलं असं नको, म्हणून विचारतेय.

श्रामणेर शिबिर दहा दिवसांचं होतं. लोक दहा दिवस भिक्खूंचं चीवर घालतात, डोकं उतरवतात, परत येऊन दुकान उघडतात. तुझ्याबरोबरचे सगळे आले, तू नाही. तरोडा नाक्यावर त्यातला एक भेटतो, मला बघून रस्ता ओलांडतो. त्याचा काय दोष?

घर सोडलं. सामान स्टुडिओत आणून टाकलंय. दोन ठिकाणी झाडू मारण्यापेक्षा एक बरं. अहमदपूरहून मोठे भाऊजी आले होते, तुझे कपडे मागितले, दिले. निळा स्वेटर सापडला नाही म्हणून सांगितलं.

उजव्या माईकचं तेवढं कळव.

लुंबिनी


मुरुड, ३० जून

प्रेम,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचत असेल.

आज मुरुडला आलेय, भामाबाईंच्या ओसरीवर बसून लिहितेय. एका गाण्याच्या दोन ओळी परत घ्यायच्या होत्या. बाईंना नांदेडची चक्कर नको म्हणून छोटं यंत्र घेऊन मीच आले. बाईंचे समोरचे दोन दात पडलेत. तू असताना हलत होते. आता 'स' म्हटला की शिट्टी वाजते. त्यांना सांगितलं तर हसल्या आणि पदर तोंडाला लावून उरलेला अख्खा वेळ तशाच बोलत राहिल्या.

अडचण अशी की त्यांचा 'स' आणि झांजेची किनार एकाच जागी येतात. दोघी एकमेकींच्या उरावर बसतात. बाईंचा आवाज मधोमध ठेवून झांजा दोन्ही कडांना सारल्या तर वाट मोकळी होते. तसं करायला गेले तेव्हा लक्षात आलं, तू हे वाजवतानाच केलंयस. बाई दम घेतात तिथंच क्रॅश आहे. शब्दावर एकदाही नाही. गाणं किती वेळा ऐकलं मी, आणि हे आता दिसलं.

बाईंना आठवतंय तू पहिल्यांदा आलास ते. पन्नास वर्षं गावोगाव जयंतीला गायलेली बाई, सगळी गाणी स्वतः जुळवलेली, एकही कुठं रेकॉर्ड नाही. तू म्हणालास, बाई, याला ड्रम लावू. त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या गाण्यात वरातीचा बँड आणतो का रे बाबा?" आज तेच सांगून हसत होत्या. मग विचारलं, पोरगं कुठं हाय? मी म्हटलं, कामानं बाहेरगावी गेलाय.

का असं म्हटलं माहीत नाही. त्यांच्यासमोर सांगितलं असतं तर अभिमानाची गोष्ट झाली असती. बाईंनी गल्ली गोळा केली असती. मला आज ते झेपलं नसतं.

लातूरला गाडी बदलताना स्टँडवर उगीच थांबले. आपली ऑर्केस्ट्राची गाडी जिथं उभी राहायची तिथं आता मोबाईलची दुकानं झालीत.

लुंबिनी


नांदेड, २८ जुलै

भंते,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी. 'आयुष्मती लुंबिनी' असं वर लिहिलंत, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा मला कोणी असं लिहिलं नव्हतं. वाद्यांचं जे योग्य वाटेल ते करावं, सातव्या शीलामुळं त्या विषयात शिरता येत नाही, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास सुरू आहे, सर्वांना मंगल कामना. आणि खाली 'प्रेम'च्या जागी नवं नाव, श्रामणेर शीलघोष.

सातवं शील मला पाठ आहे. लहानपणी आईबरोबर उपोसथाला बसायची मी. नाच, गाणं, वाजवणं यांपासून दूर राहण्याचं. गाणं ज्याच्या पोटात होतं अशा माणसानं ते घेतलं, हे मी कोणाला समजावू?

योग्य वाटेल ते करावं म्हणालात, तसं केलं. राईड बंद केली. हॅट बाईंच्या आवाजामागं नेऊन ठेवली. क्रॅश एवढी खाली ओढली की आहे असं ज्याला माहीत आहे त्यालाच ऐकू यावी. उजव्या माईकचा प्रश्नच मिटला. ऐकणाऱ्यांना वाटेल एक ढोलकी, एक ढोल आणि बाई. बाईंची गाणी तशीही छान आहेत.

एक सांगायचं राहिलं. दोन स्पीकर आणि मधली खुर्ची. आपण दोघं ऐकायला बसायचो तेव्हा मध्ये कोणीच नसायचं. तुम्ही थोडे उजवीकडं, मी थोडी डावीकडं, आणि दोघांनाही गाणं जरा कललेलं ऐकू यायचं. तुम्ही म्हणायचात राईड जास्त आहे, मी म्हणायची कमी आहे, आणि दोघं आपापल्या जागेवरून खरं बोलत असायचो. आता मी बरोबर मधोमध बसते. कोण कुठं आहे ते नखाएवढं अंतरही कळतं. असं ऐकायला मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं धडपडतात.

संध्याकाळी शेजारच्या बाई डबा देऊन जातात. मी दोन पोळ्या ठेवून बाकी परत करते. त्यांना वाटतं मला त्यांच्या हातचं आवडत नाही.

लुंबिनी


नांदेड, ९ सप्टेंबर

प्रेम,

रागानं लिहिलेलं मागचं पत्र मिळालं असेल. फाडलं असशील तर बरं केलंस.

परवा भामाबाई आल्या. न सांगता. मुरुडहून पहाटेच्या गाडीनं लातूर, तिथून अहमदपूर मार्गे नांदेड, एकट्या, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि चार भाकरी घेऊन. मला म्हणाल्या, गाणी झाली म्हणून फोन केलास, मग म्हटलं मरायच्या आत ऐकून यावं. मी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. मी मागं उभी राहिले.

सगळी गाणी डोळे मिटून ऐकली. स्वतःच्याच आवाजाला मान डोलावत होत्या. संपल्यावर पदरानं चेहरा पुसला. मला वाटलं आवडलं. मग म्हणाल्या, "पोरगं कुठं गेलं?"

मी परत तेच, बाहेरगावी गेलाय.

"तसं न्हाई. गाण्यातून कुठं गेलं? मी दम घेतल्यावर ते छन्न करायचं. त्याच्या जीवावर मी पुढची ओळ उचलायचे. आता दम घेतला की नुसता खड्डा लागतो."

मग सगळंच सांगून टाकलं, शिबिर, चीवर, कार्ड, घर सोडलं ते. बाईंनी हात जोडून कपाळाला लावले. मला वाटलं आता म्हणतील, लई भाग्याची हायस. तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा राग खरा हाय. पण तो त्याला दाखव. माझ्या गाण्यातनं कशाला काढून राहिलीस?"

जेवताना त्यांनी विचारलं, त्याचा उजवा कान दुखायचा का? रेकॉर्डिंगच्या वेळी चहा पिताना तू कानावर तळहात दाबून बसायचास म्हणे. मी स्टुडिओच्या काचेच्या पलीकडं, संगणकाच्या पडद्याकडं बघत. मी एकदाही पाहिलं नाही.

बाईंना गाडीत बसवून आले आणि आपली मागच्या दोन वर्षांतली सगळी रेकॉर्डिंग उघडली. लग्नाची गाणी, नांदेडच्या त्या मुलांचं रॉक, भीमजयंतीचे आल्बम. एकामागून एक फक्त वरचे दोन माईक ऐकत गेले. डावीकडं फरक नाही. उजवीकडं क्रॅश आधी भरून वाजायची, मग काठीचं नुसतं टोक, मग महिनोन्‌महिने जवळजवळ नाहीच. राईडचं काम तू हॅटवर भागवायला लागलास. मला वाटायचं तुझी वाजवायची रीत बदलली. एकदा तर मी म्हणाले होते, उजव्या हातात जीव नाही का तुझ्या. तू हसलास.

कानात काही होत होतं ना?

याचं उत्तर शीलात बसतं की नाही मला माहीत नाही. वाद्याचं नाही विचारत. कानाचं विचारतेय.

झांजा परत वर आणल्यात. राईड उघडली. उजवीकडचं जेवढं होतं तेवढं उचललं, त्याबरोबर खोलीची गाजही वर आली, पंख्याची घरघर, बाईंचा खोकला. राहू दिलं. आणि एक केलं, बाजू उलटल्या. हॅट आता उजवीकडं, राईड डावीकडं. समोर बसलेल्याला दिसतं तसं. तुझ्या जागेवरून ऐकायचा खूप प्रयत्न केला. त्या जागेवरून मला काहीच कळलं नव्हतं, हे आता समजतंय. समोरून निदान तू दिसतोस.

लुंबिनी


नांदेड, २ ऑक्टोबर

प्रेम,

थोडकंच लिहिते. काल मोठे भाऊजी आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी चप्पल काढेनात. एसटीत अख्खी कंडक्टरी गेली त्यांची, शेकडो लोकांशी ओरडून बोलतात, आणि माझ्यासमोर शब्द जुळेनात.

शेवटी म्हणाले, वर्षावास संपला की तुला उपसंपदा द्यायचं ठरतंय. कायमचा भिक्खू. मोठ्या भंतेजींनी सांगितलंय की घरच्यांची मान्यता असल्याशिवाय द्यायची नाही. आई-बापू नाहीत. भाऊजींची आहे. राहिले मी.

"तू न्हाई म्हण, कोणी तुला बोलणार न्हाई," भाऊजी म्हणाले. "मी सोता भंतेजींला सांगतो." आणि मग डोळे पुसायला तोंड फिरवलं. ते माझ्या बाजूनं बोलत होते की तुझ्या, मला ओळखता आलं नाही. बहुतेक त्यांनाही नसेल आलं.

मी म्हटलं, निरोप नको. मी येते. समोर सांगते.

रविवारी नागपूरच्या गाडीनं निघतोय, मी आणि भाऊजी. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र, पण बहुधा आमच्या मागून पोचेल.

लुंबिनी


नांदेड, १६ नोव्हेंबर

भंते,

या वेळी रागानं लिहिलेलं नाही.

उपसंपदा झाल्याचं भाऊजींनी कळवलं. तुमचा फोटो दाखवला मोबाईलवर. ओळीत तिसरे उभे आहात. मी फोटो मोठा करून पाहिला, मग मोबाईल परत दिला.

विहारात आले तेव्हा बोलायचं ते बोलून झालं, तरी जे बोलले नाही ते लिहिते. गाडीत मी ठरवून आले होते, नाही म्हणायचं. पिशवीत तुमचा निळा स्वेटर होता. भाऊजींना सापडला नाही म्हणून सांगितलं होतं तोच. वाटलं, येताना थंडी असेल, घालायला होईल.

तुम्ही पिंपळाच्या पारावर बसलात, मी खाली सतरंजीवर, आणि आपलं बोलणं एकट्यात होऊ शकत नाही म्हणून भाऊजी पलीकडं पाठ करून बसले. मग विचारलं, "कान कसा आहे?"

कोणी सांगितलं, तुम्ही म्हणालात; माझं सप्टेंबरचं पत्र तुमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी म्हटलं, बाईंनी. आणि मग रेकॉर्डिंग ऐकली.

तेव्हा तुम्ही सांगितलंत. उजव्या कानात झांज वाजत राहते. कोणी वाजवत नसतानाही. झोपताना, जेवताना, मी बोलत असताना. लातूरच्या डॉक्टरांनी ड्रम सोडायला सांगितले होते आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत, कारण मी त्याच दिवशी स्टुडिओला कुलूप लावलं असतं. खरं आहे. लावलं असतं. माझ्या शेजारी बसून तुम्ही झांजा कमी कर, अजून कमी कर म्हणायचात आणि मी म्हणायची, यापेक्षा कमी केल्या तर उरतं काय. तुम्ही गाण्यातली नाही, कानातली झांज कमी करायला सांगत होता.

मी विचारलं, इथं थांबली का ती? तुम्ही म्हणालात, "नाही. वाजतेच. आता मी तिच्यापासून पळत नाही." आणि म्हणालात की कानासाठी आलो, पण कानासाठी राहिलो नाही. बसल्यावर पहिल्यांदाच कुठं जायची घाई वाटेना, म्हणून राहिलो.

मी विचारलं, "आणि मी?"

तुम्ही खाली बघितलंत. सुटका करून घेणारं काहीतरी म्हणाल, अनित्य वगैरे, असं मला वाटलं. मी त्यासाठी तयार होते. तुम्ही म्हणालात, "तुझ्यावर अन्याय झालाय. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. तू नको म्हणालीस तर मी येईन."

येऊन काय कराल, मी विचारलं.

"माहीत नाही."

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. आपल्या अगदी मागं टांगलेली, पितळी, मोठी. मी दचकले, भाऊजी दचकले. ती तुमच्या उजव्या हाताला, त्याच कानाशी. स्टुडिओत ताट पडलं तरी खांदे आकसणारा माणूस तुम्ही. तुम्ही हललासुद्धा नाहीत. घंटेचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकलात, जसं आपण एखादी क्रॅश शेवटपर्यंत जाऊ द्यायचो, मध्ये कापायची नाही, तसं. चेहरा अगदी सैल होता. असा चेहरा मी लग्नाआधी पाहिला होता, अहमदपूरच्या कार्यक्रमात, आणि नंतर कधी हरवला ते मला कळलं नव्हतं.

त्या चेहऱ्याला मी घरी नेऊन काय केलं असतं? परत काचेपलीकडं बसवलं असतं.

म्हणून भाऊजींना हाक मारली आणि त्यांच्यासमोर म्हटलं, माझी मान्यता आहे. भाऊजींनी दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं. मग सगळे करतात तसं तुम्हाला तीनदा वंदन केलं. गुडघे टेकताना लाज वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. तुम्ही म्हणालात, "सुखी व्हा, उपासिका." तेवढंच. परतीच्या गाडीत स्वेटर मीच घातला.

एवढं मोठं मन माझं नाही, हेही लिहून ठेवते. यवतमाळ येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते आणि भाऊजी झोपल्याचं सोंग करत होते. काही दिवस वाटायचं फोन करून सांगावं, मान्यता परत घेतली. अजूनही कधी भाजी चिरताना वाटतं. मग भाजी टाकते फोडणीला.

गाणी बाहेर आली. मुरुडच्या समाजमंदिरात बाईंनी लोकांना गोळा करून भोंग्यावर लावली. भोंग्यावर डावं-उजवं काही राहत नाही, सगळं एका जागेहून येतं. ज्याच्यावर महिने घालवले त्यातलं काहीच कोणाला ऐकू गेलं नाही. पण बाईंनी दम घेतला तिथं झांज आली, तेव्हा एक म्हातारी मागून 'हाव' म्हणाली. बाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

स्टुडिओ चालू ठेवलाय. ड्रमसाठी पुनम म्हणून मुलगी येते, लातूरच्या ऑर्केस्ट्रात वाजवते. नवरा नको म्हणत होता, सासूनं पाठवलं. वाजवायला बसण्याआधी कानात बोळे घालते. पहिल्याच दिवशी मी तिला ते घालायला लावले, का ते सांगितलं नाही.

आजवर ऑर्केस्ट्राचा सेट घेऊन यायची, काल ती तुमच्या सेटवर पहिल्यांदा बसली. तुम्ही गेल्यापासून त्या स्टँडना कोणी हात लावला नव्हता. मी धूळ पुसायची, तीही खालूनच. ती माझ्यापेक्षा बुटकी. काठी वर करून क्रॅशपर्यंत पोचेना. दोनदा प्रयत्न केला, मग काचेतून माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, झांजा लई उंच हायत. खाली घेऊ का?"

मी माईक चालू केला.

"घे," मी म्हटलं.

स्क्रू गंजून बसला होता. तिच्या हातानं हलेना. मी पक्कड घेऊन आत गेले, तिनं स्टँड धरला, मी पिळलं, आणि क्रॅश एकदम सटकून खाली आली, आमच्या दोघींच्या हातात, दणकन वाजत. आम्ही दोघींनी ती धरून ठेवली, आवाज बोटांत विरेपर्यंत. मग पुनमनं विचारलं एवढी बरी आहे का, आणि मी तिला बसून बघायला सांगितलं.

लुंबिनी